घट

ट्रॅक्टर काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो.
मोठ्या खैरीहून निघाला तेव्हा एकोणतीस क्विंटल चाळीस,
इथं जिनिंगच्या फाटकात एकोणतीस एकतीस.
नऊ किलो कुठं गेले?
ड्रायव्हर म्हणतो, ओल उडाली.
शेठ म्हणतात, गावचा काटाच खोटा.
तेवीस हंगाम झाले,
मी शेवटच्या रकान्यात 'घट' लिहितो
आणि शिक्का मारतो.

मोनाली तिकडं तबकड्यांच्या रानात शिकते.
रविवारी फोन येतो.
"बाबा, आपल्या आकाशगंगेच्या भवताल
दोन लहान दीर्घिका फिरतात. ढग म्हणतात त्याहीले.
एक मोठा, एक धाकटा."
म्हणजे खैरी बुद्रुक अन् खैरी खुर्द, मी म्हणालो.
ती हसली. मग जरा थांबून,
"हो, तसंच समजा.
त्या एकमेकीले ओढतात, मंग आपली मोठी दोघीलेही ओढते,
अन् त्याईचा वायू मांगं सुटत जाते.
अर्ध्या आभाळाएवढी लांब धार हाय ते."

दिसते का?
"डोळ्यानं नाई. तबकडीले आयकू येते.
एकवीस सेंटिमीटरची लाट."
फोन ठेवल्यावर मी टेबलावर वीत पसरली,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पट्टी लावली.
एकवीसला दोन रेघा कमी.
माझा हात लहान आहे,
तिचा आईवर गेला.

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असतं.
मी खैरीच्या रस्त्यानं पायी निघालो, उगाच.
दोन्ही बाजूंनी बाभळी,
आणि ट्रॅक्टरच्या उंचीच्या प्रत्येक फांदीला कापूस.
वळणावर जास्त, खड्ड्यापाशी आणखी जास्त,
नाल्याच्या पुलावर, जिथं दोन्ही खैऱ्यांचा माल एक होतो,
तिथं तर झाडं म्हातारी झाल्यासारखी.
नऊ किलो. आणि कालचे सात. आणि परवाचे.
आमच्या काट्यावर जे कमी भरलं
ते सगळं या काट्यांवर होतं.

मैनाबाई आत्राम पदराच्या झोळीत वेचत होती,
बोटं वाचवत, एक-एक पुंजका.
काय करता एवढ्याचं?
"उशी. नातवाले मान धरत नाई अजून."
मग माझ्या खिशातल्या पेनाकडं पाहून,
"तुमच्या पावतीत हाय का हे?"
नाही, म्हणालो.
"मंग झालं."

रात्री काट्याच्या खोलीबाहेर खाट टाकली.
मार्गशीर्षातली थंडी, भट्टीसारखी धुमसणारी सरकीची गंजी,
आणि वर भाद्रपदांचा चौकोन, पश्चिमेला कलायच्या बेतात.
ते दोन ढग आपल्याकडून दिसत नाहीत, ती म्हणाली होती,
ते दक्षिणेला इतके खाली, की क्षितिजच ओलांडत नाहीत.
पण त्यांच्या धारेचं टोक तिथपर्यंत येतं,
त्या चौकोनाच्या शेजारून.
गावं दिसत नाहीत
आणि त्यांचा कापूस माझ्या डोक्यावरच्या फांद्यांना लागलेला.
अब्जावधी वर्षांपूर्वी भरून निघालेला माल.
अजून पोचायचा आहे.
मी बराच वेळ पाहिलं. काहीच दिसलं नाही,
अंधार मात्र त्या बाजूला
हात लावला तर मऊ लागेल असा वाटला.

सकाळी पहिल्या ट्रॅक्टरला सहा किलो कमी.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: वाटेत.
दुपारी हिशेबनीस गावंडे आले,
चष्मा वर केला, माझ्याकडं पाहिलं,
लाल पेनानं तो शब्द खोडून
वर 'घट' लिहिलं.
बरोबरच आहे त्यांचं.

काट्याच्या लोखंडी पाटामागं, गिट्टीत,
कुणी न पेरलेली एक पऱ्हाटी उभी आहे.
गुडघ्याएवढी. तीन बोंडं.
एक कालच फुटलं.
ट्रक गेला की त्यातला एखादा धागा सुटतो,
आणि कुठल्या बाजूला जायचं ते ठरवत
थोडा वेळ तसाच हवेत राहतो.